मिशीचा बिल्ला

आमच्या घरात कपडे वाळत घालायची दोरी आतल्या खोलीत होती, असं सांगितलं की माझ्या सुना हसतात. त्यांना काय ठाऊक. घुग्घुसच्या बाजूला खदानीच्या कॉलनीत आमचं घर, एका लाईनीत चिकटून बसलेली घरं, समोर रस्ता आणि रस्त्यावरून दिवसभर कोळशाचे ट्रक. बाहेर पांढरं काही टाकलं की दुपारपर्यंत ते पांढरं राहत नसे. म्हणून आई धुणं आत वाळवायची, आणि आम्ही ओल्या लुगड्यांखाली बसून जेवायचो, मानेवर थेंब पडायचा आणि बाबा म्हणायचा, गळून राह्यलं छत, पंचफुला, टेकू लाव. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक दारापुढे सिगडी पेटायची, तिचा पिवळट धूर लाईनभर फिरायचा, डोळे चुरचुरायचे, आणि तरी तो वास आला की भूक लागायची. आजही कुठे दगडी कोळसा जळताना दिसला तर माझ्या तोंडाला पाणी सुटतं, डॉक्टरला सांगितलं तर फुप्फुसांचा फोटो काढायला पाठवेल. आई लाखोळीच्या डाळीचं वरण करायची, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी आणि तांदूळ. भाकर आम्हाला फार आवडायची नाही, बाबाला मात्र रोज हवी. त्याची भाकर आणि चटणी फडक्यात बांधून डब्यात जायची, आणि खदानीतून परत येताना डब्यात मुद्दाम एक तुकडा उरवलेला असायचा. तो खदानीचा तुकडा खायला मी आणि माझी धाकटी बहीण भांडायचो. त्याला कोळशाची चव लागायची, आणि आम्हाला ती चव आवडायची. आता यावर काय बोलायचं.

धाकटीचं नाव संघमित्रा. विहारातल्या भन्तेजींनी ठेवलं होतं, पण एवढं लांब नाव हाक मारायला कोणाला वेळ आहे, ती मितूच झाली. मी नववीत होते तेव्हा ती चार वर्षांची असेल. मधली दोन लेकरं जगली नव्हती, त्यामुळे आई-बाबाचा सगळा जीव या शेवटच्या फळावर, आणि फळ भारी कडक. एखादी गोष्ट तिला पटली की पटली. मग तिला कोणी हलवून दाखवावं.

बाबा खदानीत टिंबर मिस्त्री होता. कोळसा काढून पुढे गेलं की मागचं छत खाली येऊ नये म्हणून लाकडी बल्ल्यांचे टेकू लावायचे, हे त्याचं काम. लोक त्याला सुखदेवभाऊ म्हणायचे. उंचीला बेताचा, खांदे रुंद, आणि मिशी अशी की चेहऱ्यापेक्षा तीच आधी दारातून आत यायची. न्हाणीत कितीही घासून आंघोळ केली तरी मिशीतली कोळशाची भुकटी जात नसे. मितू त्याच्या मांडीवर उभी राहून बोटानं मिशी उकरायची आणि काळं झालेलं बोट आईच्या लुगड्याला पुसायची. आई ओरडायची, बाबा हसायचा, तिसऱ्या पाळीचा भोंगा व्हायचा. आमच्याकडे घड्याळ नव्हतं, त्यावाचून काही अडतही नव्हतं.

बालवाडी विहारातच भरायची. सकाळची वंदना झाली की सतरंज्या बाजूला व्हायच्या आणि लेकरांचा कालवा सुरू व्हायचा. कुसुमबाई म्हणून वरोऱ्याच्या एक बाई शिकवायला होत्या, किडकिडीत, चष्मा लावणाऱ्या, नवरा शाळामास्तर. त्या नागपूरला कसलंसं ट्रेनिंग करून आल्या आणि येताना डोक्यात एक खूळ घेऊन आल्या की लहान लेकरांना पाटी द्यायची नाही, बाराखडी घोकायला लावायची नाही, जे शिकवायचं ते खेळातून शिकवायचं, आणि पंधरा दिवस एकच विषय धरायचा. आमच्या लाईनीत हे ऐकून लोकांनी कपाळाला हात लावला. आमच्या शेजारच्या शांताकाकू तर बाईंच्या तोंडावर म्हणाल्या, "खेळाले कायले बालवाडी पायजे व बाई, खेळतेतच नं गल्लीत दिवसभर. दोन अक्षरं शिकवा." बाई नुसत्या हसल्या आणि त्यांच्या हातात सुकडीचं पातेलं देऊन म्हणाल्या, हे वाटून द्या.

मी शाळेला जाण्याआधी मितूला सोडायला जायची आणि शाळेची घंटा होईपर्यंत तिथेच रमायची. बाईंनाही हाताखाली कोणीतरी हवंच होतं. पाण्याचा पंधरवडा झाला तेव्हा लेकरं भिजून चिंब घरी जायची, काय बुडतं आणि काय तरंगतं हे पाहण्याच्या नादात शांताकाकूंच्या नातवानं आजोबांची चंची बुडवली. झाडाचा पंधरवडा झाला, तेव्हा आम्ही ऐनाची, पळसाची, मोहाची पानं गोळा करून त्यावर हात फिरवला, डोळे मिटून ओळखली, त्यांच्या पत्रावळी केल्या. बाजाराचा झाला. सिरोंच्याकडून आलेल्या कामगाराचा मुलगा होता, येल्लू, घरी तेलुगू बोलणारा, वर्गात महिनाभर तोंड न उघडलेला. त्या पोरानं नारळाच्या करवंट्यांचा तराजू हातात घेतला आणि अशी आरोळी ठोकली की विहारातली कबुतरं उडाली. अर्धी तेलुगू, अर्धी हिंदी, थोडी आमची. त्या दिवशी बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी पुढे जन्मभर शाळेत शिकवलं, किती शिबिरं झाली, किती नवी नवी नावं त्याच गोष्टीला दिलेली ऐकली, पण शिकवणं म्हटलं की मला ते करवंट्यांचं दुकानच दिसतं.

मग विषय आला, आपल्या गावातलं काम. बाईंच्या जवळच्या चित्रांत शेतकरी होता, शिंपी होता, पोस्टमन होता. बाईंनी विचारलं, तुमचे बाबा काय करतात, तर सगळ्या वर्गानं एका सुरात सांगितलं, खदानीत जाते. खदानीत काय करतात? कोणालाच माहीत नाही. बाप घरून जातो आणि काळा होऊन येतो, एवढंच. मितूनं विचारलं, "बाई, आत काय हाय?" बाई पण कधी आत गेल्या नव्हत्या. बायकांना आत जाऊच देत नसत. बाईंनी सरळ सांगितलं की मलेही माहीत नाही, ज्याला माहीत आहे त्याला बोलावू. त्यांनी लाईनीतल्या बापांना निरोप धाडले. एवढाली धटिंगण माणसं, जमिनीखाली जायला भ्यायची नाहीत, पण बालवाडीत यायला लाजली. आला तो फक्त आमचा बाबा, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, केसाला तेल लावून.

काय थाट केला त्यानं. विहारातल्या दोन बाजा आडव्या केल्या, त्यावर बारदान टाकलं, बांबूच्या कांड्यांचे टेकू ठोकले आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत एक बोगदा उभा केला. आत अंधार. लेकरं गुडघ्यावर आत जायची, कोळशाचे खडे टोपल्यात भरून दुसऱ्या तोंडानं बाहेर यायची. काळा खडा लहान कोणता, मोठा कोणता, जड कोणता, हलका कोणता, हे सगळं त्यात आपोआप झालं. बाबानं त्यांना छत ठोकायला शिकवलं. काठीनं वर ठोकायचं आणि ऐकायचं. टणक वाजलं तर बसा, भदभद वाजलं तर निघा. मग काय, आठ दिवस कॉलनीत दुसरा आवाज नाही. पोट्टे बाजा ठोकतात, दारं ठोकतात, म्हशीची पाठ ठोकतात. मितूनं झोपलेल्या आईच्या पोटावर काठी ठोकली आणि मला गंभीरपणे सांगितलं, "ताई, आई भदभद वाजते, निंघ."

आणि बाबानं बिल्ल्यांची फळी केली. खऱ्या खदानीत अशी रीत होती की आत उतरताना आपला पितळी बिल्ला हाजरीघराच्या फळीवर टांगायचा आणि बाहेर आल्यावर काढून घ्यायचा. बाबानं एका फळीवर खिळे ठोकले, बाईंनी पुठ्ठ्याचे गोल कापले, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला चित्र. मितूचा मासा. येल्लूचा तराजू. सकाळी आल्यावर आपला बिल्ला शोधून खिळ्यावर टांगायचा, घरी जाताना काढायचा, अशी हजेरी सुरू झाली. बाबा म्हणाला, मलेही पायजे बिल्ला, मी का फुकट काम करून राह्यलो? त्याच्या बिल्ल्यावर काय काढायचं यावर वर्गात मोठा वाद झाला आणि शेवटी मितूनं कोळशानं त्यावर एक आडवी जाड रेघ ओढली. मिशी. दुसरं कशाचं चित्र असणार.

फळीसमोर सगळ्या लेकरांना बसवून बाबानं नियम सांगितला. तो सांगतानाचा त्याचा आवाज मला आठवतो, कारण तेवढं बोलताना तो हसत नव्हता. "आयका बे पोट्टेहो. खिळ्यावर बिल्ला दिसून राह्यला, म्हंजे माणूस आत हाय. मंग त्याले सोडून कोणी घरी जात नाई. भूक लागो, काई होवो. समजलं?" येल्लूला त्यानं हाजरीबाबू केलं. आणि दोन-चार दिवसांतच या नियमाची प्रचीती आली. सुट्टी झाली, लेकरं निघाली, बाईंनी कुलूप हातात घेतलं, आणि येल्लू दारात आडवा झाला, कारण खिळ्यावर एक बिल्ला राहिला होता. बाई म्हणाल्या, अरे विसरला असेल कोणी. नाही. पोरं हलेनात. शेवटी बोगद्यात पाहिलं तर शांताकाकूंचा नातू बारदानावर गाढ झोपलेला. त्याला उठवून आणलं, बिल्ला काढवला, आणि मग सगळी वरात घरी गेली. त्या दिवसापासून नियम म्हणजे नियम. मोठ्यांचं बोलणं लेकरं तोंडदेखलं ऐकतात, पण हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं की बिल्ला खोटं बोलत नाही.

पुढच्या सुट्टीला बाबा पुन्हा वर्गात आला. माझी शाळा त्या दिवशी उशिरा होती, म्हणून मी तिथेच होते. त्यानं मिशीचा बिल्ला टांगला, टेकू पाहिले, लेकरांना आत सोडलं. मितू बोगद्यात होती तेव्हा त्याच्या पाळीतला एक माणूस सायकलनं आला आणि दारातूनच म्हणाला, "सुखदेवभाऊ, चाला जरा. पाळीवरचा मिस्त्री आला नाई आज, छताचं काम अडलं हाय." बाबा म्हणाला, माही सुट्टी हाय लेका. तो माणूस म्हणाला, दोन घंट्याचं काम हाय. बाबानं माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, "सुनंदे, आईले सांगजो, जेवाले येतो," आणि बाजूच्या दारानं गेला. मी त्याला नीट पाहिलंही नाही. मी टोपल्यातले खडे वेचत होते. मितू दुसऱ्या तोंडानं बाहेर आली आणि तिनं विचारलं, बाबा कुठी गेला? मी म्हटलं, ड्युटीवर. ती फळीपाशी गेली, मिशीच्या बिल्ल्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाई गेला. बिल्ला हाय." बाईंनी तिची समजूत घातली की बाबा घाईत गेला, आल्यावर काढेल. त्या दिवशी तिला कसंबसं उचलून नेलं.

जेवायच्या वेळेला भोंगा झाला. भोंग्याची वेळ नव्हती ती. आई भाकर थापत होती, तिचा हात तव्यावरच राहिला. आमच्या लाईनीत असा भोंगा झाला की कोणी कोणाला काही विचारत नसे. बायका होत्या तशा निघायच्या, पिठाच्या हातानं, लेकरू कडेवर. आईनं मितूला उचललं, मी मागे धावले. खदानीच्या तोंडापाशी सगळ्या उभ्या. कोणी रडत नाही. आतून माणसं येत होती, हाजरीघराच्या खिडकीतून आपापला बिल्ला काढून घेत होती, आणि जिचा माणूस आला ती बाई नवऱ्याला न शिवता नुसती मान खाली घालून बाजूला व्हायची, कारण बाकीच्या अजून उभ्या होत्या. शेवटी आम्हीच उरलो. बाबाच्या पाळीतला तो सायकलवाला माणूस आईजवळ आला आणि एवढंच म्हणाला, "वहिनी, सुखदेवभाऊचा बिल्ला अजून टांगूनच हाय." मितू आईच्या कडेवर होती. तिनं ते ऐकलं. तेवढ्यात शांताकाकूंनी तिला आईकडून ओढून घेतलं आणि घरी नेलं, त्यामुळे पुढचं तिनं काहीच पाहिलं नाही. बाबाला बाहेर आणलेलं पाहिलं नाही, दवाखान्याच्या गाडीत घातलेलं पाहिलं नाही, वर्धा नदीच्या काठावर नेलं तेही नाही. मी पाहिलं. तोंड झाकलेलं होतं. मी पाय पाहून ओळखला.

लहान लेकराला काय सांगायचं, यावर घरात आलेल्या प्रत्येकाचं वेगळं मत होतं, आणि प्रत्येकानं तिला वेगळं काहीतरी सांगितलं. मामा म्हणाला बाबा गावाले गेला. मावशी म्हणाली बुद्धाजवळ गेला. शांताकाकू म्हणाल्या नागपूरच्या दवाखान्यात गेला. मितूनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाई. बाबा आत हाय. बिल्ला टांगून हाय." तिचं चुकत नव्हतं हो. सगळ्या घरात तेवढं एकच माणूस खरं बोलत होतं, त्याला जे शिकवलं होतं त्याप्रमाणे. बाकी आम्ही सगळे थापा मारत होतो. आईला विचारायची सोय नव्हती. आई भिंतीला टेकून बसलेली असायची, रडत नव्हती, बोलत नव्हती, दिलं तर खायची, नाही दिलं तर नाही.

आठवडा गेल्यावर मी मितूला बालवाडीत नेलं. तिनं माशाचा बिल्ला टांगला, मिशीचा बिल्ला जागेवर आहे याची खात्री केली आणि बोगद्याच्या तोंडाशी जाऊन बसली. खेळली नाही. सुट्टी झाली तर उठेना. मी ओढलं तर मला चावली, इथे मनगटाला. "बाबाले सोडून जात नाई," म्हणाली. नियम कोणी केला होता? बाबानंच. मी तिला खांद्यावर टाकून घरी आणलं, रस्ताभर ती ओरडत होती आणि लाईनीतले लोक दारं लावून घेत होते. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःची भाकर फडक्यात बांधून नेली आणि बोगद्यात आत, मधोमध ठेवून आली. घरी काही खाईना. बाबा जेवला की खाईन, म्हणे. तिचे गाल बसले. रात्री अंगात ताप भरायचा, दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले पोर खात नाही, औषधानं काय होणार. आता मला खरी भीती वाटायला लागली. दोन भावंडं लहानपणी गेलेली मी ऐकून होते, आणि ही तिसरी माझ्या डोळ्यांसमोर वाळत चालली होती.

लाईनीत कुजबूज सुरू झाली ती वेगळीच. खदान का खेळायची वस्तू हाय? खदानीची नक्कल केली, खदानीनं माणूस नेला. ज्या बायकांनी आधी तो खेळ कौतुकानं पाहिला होता त्याच आता म्हणायला लागल्या की तो बोगदा मोडा, ती फळी जाळा, नाहीतर आमची लेकरं पाठवत नाही. मला अजूनही त्यांचा राग येतो, आणि दुसऱ्या क्षणाला कीवही येते. ज्यांचा नवरा दर पाळीला जमिनीखाली जातो त्यांनी कशाला भ्यायचं आणि कशाला नाही, हे मी कोण सांगणार. शेवटी आई उठली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा घराबाहेर पडली, विहारात गेली आणि बाईंसमोर उभी राहिली. "बाई, काऊन शिकवला हा खेळ माह्या लेकराले? आता ते मरून राह्यलं त्यापायी. तुमचं काय गेलं?" बाईंनी चष्मा काढला. "मोडतो, पंचफुलाबाई," त्या म्हणाल्या, "उद्या मोडतो." आई परत आली आणि पुन्हा भिंतीला टेकून बसली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी लेकरांना सांगितलं की आज आपली खदान बंद, शेवटची पाळी खेळा, आपापले बिल्ले काढा, मग सगळं आवरू. लेकरांनी बिल्ले काढले. फळीवर मासा राहिला आणि मिशी राहिली. मितू बोगद्यात शिरलेली. येल्लू फळीपुढे उभा राहिला, पाहिलं, आणि जाऊन दारात मांडी घालून बसला. त्याच्यामागे दुसरं लेकरू बसलं, मग तिसरं. बघता बघता सगळा वर्ग दारात बसला. बाई म्हणाल्या, अरे जा रे बाळांनो घरी. येल्लू म्हणाला, "मितू आत हाय. तिचा बाबा आत हाय." त्याच्या तोंडून एवढं सरळ मराठी वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

घ्यायला आलेल्या बायांनी आधी दटावलं. कोणी आपल्या पोराचा दंड धरला. पोरांनी आवाज केला नाही, हट्ट केला नाही, नुसती बसून राहिली. दंड धरलेला हात आपोआप सुटला. ज्या बाया फळी जाळायला आल्या होत्या त्या विहाराच्या पायरीवर बसल्या, पदर तोंडाला लावून, अगदी खदानीच्या तोंडापाशी उभ्या राहतात तशा. उन्हं चढली. लेकरांच्या पोटात भूक असणार, पण एकही उठलं नाही. मी पळत घरी गेले आणि आईला म्हटलं, "आई, कोणीच घरी जाऊन नाई राह्यलं. बाबासाठी बसले सगळे." आईनं माझ्याकडे पाहिलं. मग उठली.

ती आली तेव्हा पायरीवरच्या बायकांनी वाट करून दिली. आई थेट बोगद्यापाशी गेली, लुगडं खोचलं आणि गुडघ्यांवर आत शिरली. बारदान हलत होतं तेवढंच आम्हाला दिसत होतं. मग आईचा आवाज आला, साधा, स्वयंपाक करताना बोलते तसा.

"मितू, मी इकडून तिकडून पाह्यलं. आत कोणी नाई."

"मंग बाबा कुठी हाय?"

"बाबा मेला, माय."

आमच्या घरात हा शब्द तोवर कोणी उच्चारला नव्हता. पायरीवर शांताकाकूंनी हुंदका दिला आणि लगेच तोंड दाबून घेतलं.

"घरी येत नाई?" मितूनं विचारलं.

"नाई येत."

"भाकर खाल्ली नाई त्यानं."

"नाई. तो आता खात नाई."

मग मितू म्हणाली, "पण बिल्ला तं टांगून हाय. तो कोण काढन?"

आई म्हणाली, "ज्याचा माणूस, त्यानंच काढाव लागते. मी काढतो. चाल."

दोघी बाहेर आल्या, आई पुढे, मितू तिचं लुगडं धरून मागे. आई फळीसमोर उभी राहिली. मिशीच्या बिल्ल्याला तिनं हात लावला आणि तिथेच ती खाली बसली. इतके दिवस न रडलेली बाई अशी रडली की विहारात कोणालाच उभं राहवेना. बिल्ला तिच्या मुठीत चुरगळला. मितू तिच्याकडे पाहत होती. तिनं टाचा उंचावून माशाचा बिल्ला काढला, येल्लूच्या हातात दिला, आणि येल्लू उठून दारातून बाजूला झाला. लेकरं एकेक करून घरी गेली. बाईंनी बोगदा संध्याकाळी मोडला.

मितू आता नागपुरात असते, तिची नातवंडं महागाच्या बालवाडीत जातात. मी हे सगळं एकदा तिला सांगितलं तेव्हा ती लक्ष देऊन ऐकत होती, दुसऱ्या कोणाच्या बहिणीची गोष्ट ऐकावी तशी. म्हणाली, "ताई, मले काईच आठवत नाई व. बाबाचा चेहराही नाई." चार वर्षांच्या लेकराला कसं आठवणार. मीच मेली वेडी, मला वाटलं होतं काही तरी असेल. आई जाऊन बरीच वर्षं झाली. म्हणजे ते आठवणारी मी एकटीच.

बिल्ला काढला त्या दिवशी संध्याकाळी आईनं सिगडी पेटवली. वरण-भात केला. मितू वाढलेलं सगळं जेवली, आणखी मागितलं, पुन्हा जेवली. शांताकाकू दारातून पाहून गेल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, सुटली माय पोरगी. मलाही तसंच वाटलं. मी मनातल्या मनात बुद्धाच्या तसबिरीपुढे हात जोडले. मग पाळी सुटल्याचा भोंगा झाला आणि माणसं रस्त्यानं यायला लागली, काळी, खोकत, सायकली हातात धरून. मितू उंबऱ्यावर बसली होती. त्या दिवसापर्यंत ती रोज संध्याकाळी उंबऱ्यावर बसून येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, काका, माहा बाबा दिसला का आत? आणि ती एवढी मोठाली माणसं, थकून आलेली, थांबायची आणि म्हणायची, नाई दिसला बाई, उद्या पाहतो. कोणी चुकवून गेला नाही कधी. त्या दिवशी तो सायकलवाला, बाबाला न्यायला आलेला, आमच्या दारापुढे आला आणि सवयीनं थांबला. तिच्या विचारण्याची वाट पाहत उभा राहिला. मितूनं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याची सायकल जावी म्हणून पाय आत ओढून घेतले. तो आणखी थोडा थांबला. मग गेला. मी सिगडीपाशी होते, तिथून मला ते सगळं दिसलं, आणि मला वाटलं की धावत जावं आणि तिला म्हणावं, विचार ना ग, विचार एकदा. घरात बाबाची वाट पाहणारं तेवढंच एक माणूस उरलं होतं, आणि ते आता उंबऱ्यावरून उठून आत आलं आणि अंथरूण घाल म्हणालं.